चिरलेल्या बासरीचा निवाडा

मुरबाड तालुक्यातील धसई येथील एका वाचकांनी पत्र धाडले आहे. वडिलांच्या वापरातील लांब बासरी चैत्राच्या उन्हात खालच्या टोकाकडून उकलली, चीर सहाव्या छिद्राच्या अलीकडे येऊन थांबली, आणि तेव्हापासून पंचम, मंद्रातला थोडा व मध्य सप्तकातला फारच, बसला, अशी हकीकत देऊन 'ही दुरुस्त करावी की दुसरी घ्यावी' असा सवाल त्यांनी केला आहे. घरातील तरुण मंडळींचा कौल नवीच्या बाजूने पडला आहे, असेही ते लिहितात. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून ज्या धसईचे नाव वृत्तपत्रांतून गाजले, तेथे घरबसल्या बासरी मागवणे आज अवघड नाही. परंतु पत्राचा रोख किमतीवर नसून, जुनीत असे काय आहे जे नवीत येणार नाही, या जिज्ञासेवर आहे, आणि तिला पदार्थविज्ञानाकडे बरेचसे निश्चित उत्तर आहे.

तंबोऱ्यात तार कंप पावते, तबल्यात पुडी हादरते. बासरीत मात्र बांबू वाजत नाही, वाजते ती बांबूने कोंडलेली हवा. मुखरंध्राच्या धारेवर फुंकेचा झोत आदळून आतबाहेर हेलकावू लागला, म्हणजे नळीतील हवेचा स्तंभ त्या हेलकाव्याला आपल्या लांबीप्रमाणे शिस्त लावतो, आणि छिद्रे मिटून वा उघडून वादक ही लांबीच कमीजास्त करीत असतो. षड्ज सफेद तीनमध्ये असलेल्या बासरीत सहाही छिद्रे मिटली असता हा स्तंभ सुमारे ७० सेंटिमीटर भरतो व सेकंदाला सुमारे २४७ आंदोलनांचा मंद्र पंचम उमटतो. स्तंभाच्या दोन्ही टोकांना हवा मोकळी असल्यामुळे तेथे दाब बाहेरच्या वातावरणाइतकाच राहतो, आणि दाबाचा चढउतार सर्वांत प्रबळ होतो तो मधोमध. परंतु फुंक आवळून तोच पंचम सप्तकभर वर नेला, की या प्रबळ जागा एकीच्या दोन होऊन दोन्ही टोकांपासून चतुर्थांशावर, म्हणजे सुमारे सतरा सेंटिमीटरांवर, सरकतात. चिरेतून हवा निसटते ती दाबाच्या जोरावर. म्हणून जेथे दाब अधिक हेलकावतो तेथील केसाएवढी भेगही स्वराची शक्ती शोषून घेते, आणि जेथे तो नगण्य तेथील मोठी भेगही फारशी जाणवत नाही. धसईच्या बासरीतील चीर खालच्या टोकाकडून त्या सतरा सेंटिमीटरांच्या दिशेने चढली आहे. मंद्र पंचमापेक्षा मध्य पंचम अधिक का खचला, याचा उलगडा एवढ्याने होतो. सहावे छिद्र उघडले की स्तंभ बहुतांशी तेथेच संपतो, सबब धैवतापासून पुढचे स्वर शाबूत राहिले. हीच चीर मुखरंध्र आणि पहिले छिद्र यांच्या दरम्यान असती तर एकही स्वर तिच्या तावडीतून सुटला नसता, आणि ती मुखरंध्राच्या धारेतूनच गेली असती तर मी दुरुस्तीची शिफारस करू धजलो नसतो.

बांबू उकलतो का, हेही समजून घेण्याजोगे आहे. वृक्षाच्या खोडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशींच्या रांगा असतात. बांबूच्या पेरात त्या नसतात, सगळे तंतू उभे. त्यामुळे उभ्या दिशेने पोलादाशी बरोबरी सांगणारा बांबू आडव्या ताणाला मात्र दुबळा ठरतो. त्यातच सिलिकायुक्त, मेणचट अशी त्याची बाह्य त्वचा ओलावा सहसा आत घेत नाही, आणि आतील भिंत मात्र वादकाच्या दमट उच्छ्वासाने फुगते. माळशेज घाटाच्या पायथ्याच्या या मुलखात आषाढ-श्रावणात हवा पाण्याने तुडुंब असते, आणि फाल्गुन उलटताच तीच हवा लाकडातला ओलावा ओढून घेते. वर्षानुवर्षे अशी आकुंचन-प्रसरणे सोसलेली नळी एखाद्या कोरड्या दुपारी हार मानते, यात तिच्या वयाचा दोष नाही. उलट अनेक उन्हाळे काढलेल्या बांबूचे मोठे आकसणे होऊन गेलेले असते, आणि नवी बासरी पुरती वाळण्याआधीच विक्रीस आली असेल तर तिचे ते अद्याप व्हावयाचे असते. अमावास्येला तोडलेला बांबू टिकतो, असे जुने जाणते सांगतात. चंद्रकलेचा प्रभाव निर्विवाद सिद्ध झाल्याचे माझ्या वाचनात नाही. ऋतूचा मात्र आहे. तोडणीच्या वेळी पेरात पिष्ट जितके अधिक, तितका भुंगा अधिक लागतो, आणि बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याच्या आपल्याकडील चालीने हेच पिष्ट धुऊन निघते.

नव्या बासरीच्या जाहिरातींत ज्या शब्दांची सर्वाधिक उधळण असते, ते बांबूच्या दुर्मीळ जातीविषयीचे. लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू आसामकडून येतो व आपल्या सह्याद्रीतील कळक त्या मानाने जाड भिंतीचा, हे खरेच आहे. परंतु जातीमुळे स्वरात गोडवा उतरतो, हा दावा वेगळा. बासरीच्या द्रव्याचा स्वरावर परिणाम होतो काय, या प्रश्नाने पाश्चात्त्य विद्वानांना शतकभर झुंजवले आहे. बासऱ्यांचा अफाट संग्रह करणारे आणि स्वतःच्या हाताने सोन्याची बासरी घडवणारे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेटन मिलर यांनी १९०९ मध्ये दुहेरी भिंतीच्या नळीत पाणी भरून तिचा स्वर बदलतो असे दाखवले, आणि द्रव्याच्या कैवाऱ्यांना मोठाच आधार मिळाला. पुढे १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने, जो स्वतः हौशी बासरीवादक होता, चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या आतून तंतोतंत सारख्या तीन नळ्या केल्या, मुखरंध्राचा भाग तिन्हींना एकसारखा दिला, आणि पडद्याआडून वाजवून श्रोत्यांना ओळखावयास लावले; त्यांना ओळखता आले नाही. वादकांची कसोटी त्याहून कठोर होती. तिन्ही नळ्या एका दांड्यावर बसवून फिरवल्या होत्या, म्हणजे वजनावरून वा स्पर्शावरून हाती कोणती आली हे कळू नये. तेव्हा आयुष्यभर बासरी वाजवणाऱ्यांनाही आपली नळी निवडता आली नाही. मला हा प्रयोग ध्वनिशास्त्रातील सर्वांत प्रामाणिक प्रयोगांपैकी एक वाटतो. आतील पृष्ठभाग किती गुळगुळीत, छिद्रांच्या कडा किती धारदार, पोकळी किती सरळ, यांवर स्वर अवलंबून असतो, आणि द्रव्य या मार्गानेच काय तो हस्तक्षेप करते.

तेव्हा जुन्या बासरीतील मोलाची वस्तू म्हणजे तिची भूमिती: मुखरंध्राची धार आणि सहा छिद्रांच्या जागा. येथे मला एका विस्मृत मराठी माणसाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी, सरकारी कामकाजाच्या फायलींतून मोकळे होताच, तारेच्या लांब्या मोजून आपल्या गायकांचे स्वर गणिताने नोंदवण्याचे व्रत घेतले. अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा गळा त्यांना प्रमाणासाठी लाभला, जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांचे साहाय्य मिळाले, आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यांच्या श्रुतींवर कडाडून वाद झाला आणि पं. भातखंडे यांचे मत प्रभावी ठरले. त्या वादात देवलांची बाजू सर्वांशी निर्दोष होती असे मी म्हणत नाही. परंतु गाणारा माणूस प्रत्यक्षात काय गातो ते आधी मोजावे, हा त्यांचा आग्रह शुद्ध वैज्ञानिकाचा होता, आणि आपल्या विज्ञानाच्या इतिहासांत त्यांना परिच्छेदभरही जागा मिळू नये याची मला खंत वाटते.

देवलांचे स्मरण या प्रकरणात अप्रस्तुत नाही. हल्ली बासरी पारखताना मोबाइलमधील स्वरमापक समोर धरण्याचा प्रघात पडला आहे, आणि त्याची सुई डावीकडे झुकली की जुनी बासरी बेसूर ठरवून मोडीत काढली जाते. हा मापक बहुधा हार्मोनियमच्या बारा समान भागांच्या हिशेबाने चालतो. तंबोऱ्याच्या जोडीने कान ज्या शुद्ध गंधाराला पसंती देतो, तो षड्जाच्या सव्वापट आंदोलनांचा असून, बारा समान भागांच्या गंधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने उतरलेला असतो. म्हणजे पहिले छिद्र मिटून वाजवलेला गंधार मापकाला उतरलेला दिसला, तर ती चूक नसून छिद्र पाडणाऱ्याच्या कानाची साक्ष असू शकते. शिवाय ध्वनीचा वेग अंशागणिक सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वाढतो. पौषातील पहाटे १५ अंशांवर आणि चैत्रातील उन्हात ३५ अंशांवर तीच नळी अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडी अधिक सरकते, फुंकेची ऊब यांतला काही भाग भरून काढते एवढेच. बासरी पारखावयाची ती तंबोरा लावून, थोडा वेळ फुंकून नळी तापवल्यावर, आणि स्वतःच्या ओठांनी.

बासरी दुरुस्त करून वापरण्याची रीतही फार जुनी आहे. चीनमधील हनान प्रांतात जियाहू येथे १९८० नंतरच्या दशकात उत्खनन झाले, आणि तेथील बासऱ्यांचा वृत्तांत १९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने छापला. करकोचासारख्या क्रौंच पक्ष्याच्या पंखातील पोकळ हाडांच्या त्या बासऱ्या सुमारे आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांपैकी एक वाजवता येण्याइतकी शाबूत. मला खिळवून ठेवतात ते दोन तपशील. एका बासरीत सातव्या छिद्राच्या शेजारी आणखी एक अगदी बारीक छिद्र आढळते. स्वर इच्छित जागी बसत नाही हे जाणवल्यावर करणाऱ्याने ते दुरुस्तीसाठी पाडले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आणि दुसरी एक बासरी मालकाच्या हयातीतच मोडली होती. तिच्या मोडलेल्या कडांना सुईच्या अग्राएवढी छिद्रे पाडून ती दोऱ्याने जोडून घेतलेली होती. क्रौंचांची हाडे त्या पाणथळ प्रदेशात दुष्प्राप्य नसावीत. तरीही त्या माणसाने ठिसूळ हाडाला छिद्रे पाडण्याची जोखीम पत्करली.

धसईच्या वाचकांना माझा निवाडा असा, की बासरी दुरुस्त करावी. आधी आतून टॉर्चचा उजेड टाकून पाहावे. भुंग्याचा भुगा पडत असेल, पोकळी वाकली असेल, वा मुखरंध्राची कड झिजली असेल तर मात्र मोह सोडावा व दुसरी घ्यावी, आणि ती घेताना जुनीवरील छिद्रांची अंतरे व व्यास मोजून करणाऱ्याला द्यावे. यांपैकी काही नसेल, तर चिरेत पातळ, झटकन धरणारा गोंद मुरवावा, आत ओघळलेला थेंब वाळण्यापूर्वी टिपून घ्यावा, कारण आतील खडबडीतपणा चिरेइतकाच बाधक. आणि वरून मेण लावलेल्या रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्याचे वेढे, एकमेकांना खेटून, तीन ठिकाणी घट्ट आवळावेत, एक वेढा चिरेच्या वरच्या टोकाच्याही पुढे, म्हणजे चीर आणखी चढणार नाही. दोरा बाहेरून असल्याने आतील हवेला त्याचा पत्ताही लागत नाही. हे काम पावसाला सुरुवात होण्याआधी, बांबू कोरडा असतानाच उरकावे: पावसाळ्यात फुगलेल्या नळीवर आवळलेला दोरा पुढच्या उन्हाळ्यात सैल पडतो, आणि उन्हाळ्यात आवळलेला आषाढात आपसूक अधिक घट्ट बसतो. नंतर आतून मोहरीच्या तेलाचा हलका हात फिरवून ती आठवडाभर सावलीत आडवी ठेवावी, आणि मगच पंचम लावून पाहावा, आधी मध्य सप्तकातला.