उलटलेला रोग आणि नेमका किरण

लासलगाव म्हटले की आपल्यापुढे कांद्याच्या राशी उभ्या राहतात. त्याच लासलगावी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ नावाचे केंद्र उभारले. कोबाल्ट-६० चे किरण कांद्यावर सोडायचे, म्हणजे साठवणीत त्याला मोड येत नाहीत, अशी ती योजना. मोड का येत नाहीत? कांद्याच्या पोटातल्या अंकुराच्या पेशी एकीच्या दोन होत वाढतात; किरण त्यांची ती शक्तीच हिरावून घेतो. कर्करोगावरचा किरणोपचार चालतो तोही याच तत्त्वावर. कर्करोग म्हणजे तरी काय? धरबंद सोडून वाढत सुटलेल्या पेशीच!

फरक एवढाच की, कांदा सबंध किरणांत ठेवता येतो, माणूस ठेवता येत नाही. तेथे नेम धरावा लागतो.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वर मूत्राशय, मागे गुदाशय, मधून लघवीचा मार्ग. अशी ती दाटीची जागा. तेथे कर्करोग झाला तर सबंध ग्रंथीला किरण देतात आणि पुष्कळांना गुण येतो. काहींचा रोग मात्र काही वर्षांनी उलटतो. सबंध ग्रंथीला पुन्हा तेवढेच किरण द्यावेत, तर एकदा भाजून निघालेल्या शेजारच्या अवयवांना इजा होण्याचे भय. म्हणून अशा रोग्याला बहुधा संप्रेरके रोखणारी औषधेच देत. त्यांनी रोग दबतो, पण मुळासकट जात नाही.

आता चित्रांची मदत मिळाली आहे. एम.आर.आय. ग्रंथीचा आतला नकाशा दाखवतो. ‘पेट’ तपासणीत शिरेतून दिलेले किरणोत्सारी द्रव्य रोगट पेशींना चिकटते आणि त्यांची जागा उजळून दिसते. रोग बहुधा मूळ गाठीच्या जागीच उलटतो, असे आढळले आहे. तुकडा काढून खात्री केली की भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, त्या ठिपक्यात बारीक पोकळ सुया बसवतात. त्यांतून किरणोत्सारी इरिडियम काही मिनिटे आत नेऊन परत काढून घेतात. काही ठिकाणी बाहेरूनच यंत्राने नेमका झोत सोडतात. बागेत खुरपे घेऊन तणाचा तेवढा कोंब काढावा, तसे हे काम आहे.

हा इलाज सर्वांसाठी नाही. रोग हाडांत पसरला असेल, तर निराळे उपचार लागतात. लघवीला जळजळ, अडथळा, रक्त हे त्रासही होऊ शकतात. म्हणून निर्णय अनुभवी डॉक्टरांचाच हवा. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांच्या सेवेत आहे; नाशिकलाही आता किरणोपचाराची सोय आहे.

पण ठिपका लहान असतानाच सापडला पाहिजे, आणि तो कळतो पी.एस.ए. नावाच्या रक्ताच्या साध्या तपासणीने. किरणोपचारानंतर हा आकडा खाली येतो. सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा तो दोनाने चढला, तर रोग उलटल्याचा संशय घेतात. तेव्हा काही दुखत नसते. म्हणूनच ‘बरे वाटते, आता कशाला तपासणी?’ असे म्हणून आपली माणसे घरी बसतात. हा दुखण्याचा विषय चारचौघांत बोलायलाही त्यांना संकोच वाटतो.

गुरुजी, गावात असे कोणी आजोबा असतील, तर त्यांचे कागद एकदा वाचून पाहा. पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली असेल, तर त्यांना एवढेच सांगा : ‘आबा, उद्या तालुक्याला जाऊन रक्त देऊन या.’