हवेचा आकडा आणि सिगारेटची तुलना

पुण्याच्या हवेचा निर्देशांक 200 झाला, अशी बातमी येते. लगेच वरच्या इयत्तेतील मुले विचारतात, “गुरुजी, म्हणजे किती सिगारेटी?” प्रश्न चांगला आहे, उत्तर मात्र जपून द्यावयास हवे.

हवेत तरंगणाऱ्या धुलिकणांपैकी अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक कण सर्वांत घातक होत. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. एक घनमीटर हवेत ते किती मायक्रोग्रॅम आहेत, हे यंत्र मोजते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

अमेरिकेतील ‘बर्कले अर्थ’ या संस्थेच्या रिचर्ड मुलर व एलिझाबेथ मुलर यांनी 2015 साली एक ढोबळ मेळ मांडला: दर घनमीटरला 22 मायक्रोग्रॅम कण असलेल्या हवेत चोवीस तास राहणे म्हणजे एक सिगारेट ओढण्याइतका धोका. हा मेळ मृत्यूच्या प्रमाणावरून काढलेला आहे. त्या हवेत निकोटीन असते किंवा मूल धूम्रपान करते, असा त्याचा अर्थ नव्हे.

येथेच एक चूक संभवते. निर्देशांक म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोष्टकाप्रमाणे निर्देशांक 100 म्हणजे 60 मायक्रोग्रॅम आणि 200 म्हणजे 90. निर्देशांक दुप्पट झाला, तरी धूळ दीडपटच वाढली. म्हणून 200 ला 22 ने भागून नऊ सिगारेटी सांगणे चूक. 90 ला भागून सुमारे चार हे उत्तर बरोबर. शिवाय निर्देशांक सर्वांत वाढलेल्या प्रदूषकावरून ठरतो. ते प्रदूषक बारीक धूळ नसेल, तर हा हिशेब लागू पडत नाही.

पुणे शहरात घेतलेला आकडा हिर्डोशी किंवा गुंजवणी खोऱ्यातील घराचा नव्हे. आपल्याकडे धूर येतो तो चुलीतून, भातरोपांसाठी भाजलेल्या राबातून आणि डोंगरावरच्या वणव्यातून. थंडीच्या सायंकाळी गार हवा खोऱ्यात खाली बसते व धुरास वर जाऊ देत नाही. त्या वेळी चुलीपाशी बसलेली आई आणि तिच्या मांडीवरील मूल यांच्या नाकात जे जाते, ते कोणत्याही बातमीत येत नाही.

म्हणून शिक्षकांनी वरील भागाकार फळ्यावर अवश्य करून घ्यावा. पण पाठ तेथे संपवू नये. सरपण वाळलेले असावे, स्वयंपाकघरात धुरास वाट असावी, तान्ह्या मुलास चुलीपासून दूर ठेवावे, राब भाजताना मुलांनी वाऱ्याच्या खालच्या बाजूस उभे राहू नये आणि शाळेच्या आवारात पालापाचोळा जाळू नये, हे मुलांकरवी घरोघर पोहोचवावे. आकड्याने मूल घाबरले तर पाठ फसला. घरी जाऊन त्याने खिडकी उघडली तर तो साधला.