लसीकरणाचे वेळापत्रक : कारणमीमांसा आणि नेहमीचे काही प्रश्न

प्रस्तावना :
भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे स्वरूप प्राप्त झाले. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, ही या प्रयत्नांची मोठी फलश्रुती होय. तथापि २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. बाधित बालकांपैकी अनेकांना लसीची एकही मात्रा मिळालेली नव्हती. लस उपलब्ध असणे आणि ती योग्य वयात मिळणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात लस केव्हा, का आणि कोणाला द्यावी, या प्रश्नांचा विचार केला आहे.

वय ठरते कसे?
लसीकरणाचे वय हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : रोगाचा धोका केव्हा सुरू होतो आणि शरीर लसीला प्रतिसाद केव्हा देऊ शकते. हिपॅटायटीस-बी चा संसर्ग प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकास होऊ शकतो, म्हणून त्याची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाते. डांग्या खोकला पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक घातक असतो, म्हणून पेंटाव्हॅलंट लस ६, १० व १४ व्या आठवड्यात दिली जाते. गोवराच्या बाबतीत मात्र थांबावे लागते. मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे बालकाच्या रक्तात काही महिने टिकतात व लसीतील क्षीण विषाणूलाच निष्प्रभ करतात. त्यामुळे गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. या वयात सुमारे ८५ टक्के बालकांनाच गोवरापासून संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरी मात्रा आवश्यक ठरते.

मात्रा चुकल्यास काय करावे?
मात्रा चुकली म्हणजे सर्व लसीकरण पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, हा समज निराधार आहे. राहिलेल्या मात्राच पुढे पूर्ण करावयाच्या असतात. मात्र काही लसींना वयोमर्यादा आहे. शासकीय कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंत, तर गोवर-रुबेला लस पाच वर्षांपर्यंत देता येते. किरकोळ सर्दी किंवा सौम्य ताप ही लस टाळण्याची कारणे नव्हेत. एकाच दिवशी वेगवेगळ्या लसी देणेही सुरक्षित आहे. पूर्वीच्या मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असल्यास किंवा प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असल्यास वैद्यकीय सल्ला अनिवार्य ठरतो.

लस केवळ बालकांसाठीच का?
तसे नाही. धनुर्वात व घटसर्पविरोधी टीडी लस वयाच्या १० व्या व १६ व्या वर्षी तसेच गरोदरपणात दिली जाते. महाविद्यालयीन क्षेत्राशी थेट निगडित प्रश्न रुबेलाचा आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षे हा वयोगट समाविष्ट होता. त्यावेळी पंधरा वर्षे ओलांडलेल्या तरुणी आज पदव्युत्तर वर्गांत, संशोधनात व अध्यापनातही आहेत. त्यांपैकी ज्यांना खाजगीरीत्या लस मिळाली नाही, त्या शासकीय लसीकरणाच्या कक्षेबाहेर राहिल्या. गरोदरपणाच्या प्रारंभी रुबेला झाल्यास अर्भकात बहिरेपणा, मोतीबिंदू व हृदयदोष संभवतात. ही लस गरोदरपणात देता येत नाही. ती आधीच घेऊन त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. म्हणजेच येथे विलंबाची भरपाई ऐनवेळी करता येत नाही.

निष्कर्ष :
लसीकरणाचे वेळापत्रक हे रोगाचे स्वरूप व शरीराची क्षमता यांचा मेळ घालून आखलेले असते. त्यामुळे वेळ पाळणे श्रेयस्कर आणि वेळ चुकल्यास उर्वरित मात्रा शक्य तितक्या लवकर घेणे हिताचे. आरोग्य तपासणीच्या वेळी विद्यार्थ्यांच्या लसीकरणाची नोंद घेणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतूनही हा विषय गावोगावी पोहोचविता येईल. त्यासाठी प्राध्यापकांनी प्रथम स्वतःच्या कुटुंबातील नोंदी तपासणे, ही योग्य सुरुवात ठरेल.