पोराचा कॉम्प्युटर, आईची सही: मॉनिटर कसा निवडायचा?

आज आपण कॉम्प्युटरच्या मॉनिटरबद्दल, म्हणजे त्याच्या पडद्याबद्दल बोलणार आहोत. "ताई, हा आमचा विषय आहे का?" असे कोणी म्हणेल. विषय आपलाच आहे. बियाणे, दवाखाना, लग्न या कारणांच्या जोडीला अंतर्गत कर्जाच्या मागणीत आता "मुलासाठी कॉम्प्युटर" हेही कारण येऊ लागले आहे. पोरगा दुकानातून यादी आणतो. त्या यादीत गेमिंगचा मॉनिटर असतो, त्यापुढे हर्ट्झ, आयपीएस असे शब्द असतात आणि शेवटी रक्कम असते. आईला कळते ती फक्त रक्कम. पण सही तिची असते, आणि हप्ता जातो रोवणीच्या मजुरीतून. ज्या वस्तूवर सही करायची, ती समजून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गेम खेळणे म्हणजे वाया जाणे, असे सरसकट म्हणू नका. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला. त्याची नायिका आपली भारतीय पोरगी आहे आणि तो जगभर खेळला गेला. गेम बनवणे हाही रोजगार आहे. मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे. त्याच कायद्याने स्पर्धेच्या खेळांना, म्हणजे ई-स्पोर्ट्सना, मान्यता दिली आहे. तेव्हा पोराला पहिला प्रश्न विचारा, "कोणता गेम खेळणार? त्यात पैसे लावावे लागतात का?"

आता मॉनिटरकडे वळू. पहिले माप इंचाचे. चोवीस इंची मॉनिटर म्हणजे रुंदी चोवीस इंच नव्हे. हे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात. चोवीस इंची पडद्याची रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर भरते. आपल्या घरात टेबल भिंतीला लागून असते आणि पोरगा हातभर अंतरावर बसतो. तेवढ्या अंतराला २४ इंच पुरतो. ३२ इंची पडद्यासमोर इतक्या जवळ बसले तर मान सारखी इकडे-तिकडे फिरवावी लागते.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. पडद्यावरचे चित्र आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखेच बारीक ठिपक्यांचे असते. खोक्यावर '१९२० गुणिले १०८०' लिहिलेले असेल, तर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण वीस लाखांहून जास्त ठिपके. याला फुल एचडी म्हणतात. 'फोर-के' पडद्यावर याच्या चौपट ठिपके असतात. अंगण मोठे आणि ठिपके तेवढेच, तर रांगोळी विरळ दिसते. तसेच २४ इंचावर फुल एचडी छान दिसते, पण २७ इंचावर तेच चित्र थोडे भरड वाटते. मग फोर-केच का घेऊ नये? कारण चौपट ठिपके दर वेळी कॉम्प्युटरला भरावे लागतात. त्यासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागते. म्हणजे खर्च एकट्या पडद्याचा राहत नाही.

तिसरा शब्द हर्ट्झ. दुकानदार सर्वांत जास्त जोर यावरच देतो. पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो, ते हर्ट्झ सांगते. साधा मॉनिटर ६० वेळा बदलतो, गेमिंगचा १०० वेळा, १४४ वेळा किंवा त्याहूनही जास्त. पळापळीच्या, नेमबाजीच्या खेळात हा फरक डोळ्यांना खरोखर जाणवतो. पण एक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या राईस मिलचा विचार करा. गिरणी तासाला दोनच पोती तांदूळ काढत असेल, तर पोती शिवायला दहा बाया उभ्या करून काय उपयोग? कॉम्प्युटर ही गिरणी आणि मॉनिटर म्हणजे पोती शिवणाऱ्या बाया. कॉम्प्युटर सेकंदाला ६० चित्रेच तयार करत असेल, तर २४० हर्ट्झच्या मॉनिटरला दिलेले जास्तीचे पैसे बरेचसे वाया जातात. म्हणून दुकानदाराला विचारा, "या कॉम्प्युटरवर हा गेम सेकंदाला किती चित्रे देतो?" जमल्यास दुकानातच चालवून दाखवायला सांगा.

चौथी गोष्ट पॅनेलची, म्हणजे पडद्याच्या जातीची. टीएन जातीचा पडदा स्वस्त आणि चपळ असतो, पण बाजूने पाहिले तर रंग बदलतात. व्हीए जातीत काळा रंग गडद दिसतो, पण अंधाऱ्या दृश्यात हलणारे चित्र कधी कधी फरफटल्यासारखे वाटते. आयपीएस जातीत रंग खरे दिसतात आणि बाजूने पाहिले तरी टिकतात. आपल्या घरी एकाच कॉम्प्युटरवर पोरगा खेळेल, पोरगी अभ्यासाचे व्हिडिओ पाहील आणि गटाचा हिशेबही होईल. अशा घराला आयपीएस बरा.

मग नेमके काय घ्यावे? बहुतेक घरांसाठी २४ इंच, फुल एचडी, आयपीएस आणि १०० ते १४४ हर्ट्झ एवढे पुरे. मॉनिटर सहसा कॉम्प्युटरपेक्षा जास्त वर्षे टिकतो, म्हणून अगदी हलकाही घेऊ नका.

हंगामात पैशांची ओढ असेल, तर आणखी एक मार्ग आहे. घरच्या एलईडी टीव्हीला मागे एचडीएमआयचे छिद्र असते. सुरुवातीला कॉम्प्युटर त्यालाच जोडा आणि मॉनिटर धान विकल्यावर घ्या. टीव्हीवर खेळताना बटण दाबल्यावर चित्र किंचित उशिरा हलते, म्हणून सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावायचा. आपल्या मालिकेच्या वेळेवरून भांडण होईल, तेवढे आधीच ठरवून घ्या.

आता हिशेब. समजा गटाचे व्याज महिन्याला शेकडा १ रुपया आहे आणि फेड १२ महिन्यांत करायची आहे. १२,००० रुपये घेतले, तर महिन्याला मुद्दल १,००० रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज १२० रुपये, पुढे दर महिन्याला १० रुपयांनी कमी. वर्षाचे व्याज ७८० रुपये. तेच १८,००० घेतले, तर महिन्याला मुद्दल १,५०० आणि वर्षाचे व्याज १,१७० रुपये. मोठ्या पडद्याच्या हौसेला मुद्दलाचे ६,००० आणि व्याजाचे ३९० रुपये जास्त जातात. हा आकडा पोराला स्वतःच्या हाताने वहीत मांडायला लावा. विजेचा खर्च मॉनिटरचा फारसा नसतो. २५ वॅटचा मॉनिटर रोज चार तास चालला, तर महिन्याला ३ युनिट होतात. खरी वीज गेमिंगचा डबा खातो. तो ३०० वॅट ओढत असेल, तर तेवढ्याच वेळात ३६ युनिट.

दुकानातून, मग ते भंडाऱ्याचे असो की नागपूरच्या सीताबर्डीचे, मॉनिटर चालू करून पाहिल्याशिवाय निघू नका. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून बघा. वेगळ्या रंगाचा अडकलेला ठिपका लगेच दिसतो. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर मॉनिटरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटी किती वर्षांची आहे, त्यात पडदा येतो का, दुरुस्तीला माणूस घरी येईल की नागपूरला न्यावे लागेल, हेही विचारा. खोके जपून ठेवा. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

घरी आणल्यावर मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाच्याच छिद्रात लावायची आणि सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा निवडायचा. नाहीतर १४४ चा मॉनिटर ६० वरच चालत राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहायची सवय लावा. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा.

मैत्रिणींनो, आजचे प्रश्न वहीत उतरवून घ्या. कोणता गेम? किती इंच? किती ठिपके? किती हर्ट्झ, आणि कॉम्प्युटर तेवढी चित्रे देतो का? कोणते पॅनेल? वॉरंटी किती? कर्जाची मागणी आली की बैठकीत हे प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तरे पोराला नाहीतर पोरीला द्यायला सांगा. उत्तरे समाधानाची मिळाली, की मग खुशाल सही करा.