गल्ला, वही आणि भरवसा



'जालना सोने का पालना' ही म्हण आपल्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येते. मोंढ्यातली आडत, मोसंबीचा बाजार, बियाण्यांचा व्यापार, लोखंडाचे कारखाने हे सारे मोठे व्यवहार. मला आज बोलावयाचे आहे ते लहान धंद्यांविषयी. भोकरदनच्या गल्लीतले किराणा दुकान, अंबडचे एखादे कृषी केंद्र, बचत गटाने चालवलेली पिठाची गिरणी. अशा ठिकाणी पैशाची लबाडी शिरते कोठून, आणि शिरण्याआधीच तिला अडवावे कसे?

लबाडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणी तरी परका ठकसेन उभा राहतो. परके फसवतात हे खरेच आहे, त्यांच्याकडे मी नंतर येतो. पण लहान दुकान पुष्कळदा आतून पोखरले जाते. पैसा घेणे, माल ठेवणे आणि वही लिहिणे ही तिन्ही कामे एकाच हाती पडली, की तो हात भला असो की बुरा, मालकाला काही कळावयास मार्गच राहत नाही.

यातले 'भला असो' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. परतूर तालुक्यात माझ्या मामांचे किराणा दुकान होते. मी तेव्हा शाळेत होतो. दुकानात एक मुनीमजी होते, अठरा वर्षांचे जुने. गल्ला त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे, गोदामाची किल्लीही त्यांच्याच कमरेला. एका दिवाळीला माल मोजला तर साखर कमी भरली. दुसऱ्या दिवाळीलाही तेच. मामा तोंडाने काही बोलले नाहीत, पण किल्ली मागून घेतली. मुनीमजी समजायचे ते समजले आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. पुढे वर्षभराने नव्या पोराने सहज म्हणून साखरेचे बंद पोते काट्यावर चढवले, तर शंभर किलोच्या पोत्यात दोन-अडीच किलो साखर कमी! तूट वरूनच येत होती. आलेला माल आमच्याकडे कोणी कधी तोललाच नव्हता. मामा मुनीमजींच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिले, चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली. पण दुकानात परत येण्याची गोष्ट काढताच नुसती मान हलवली.

म्हणून कोणी मला सांगू लागला, "सर, आमचा माणूस घरचाच आहे, त्याचा हिशोब काय घ्यायचा?" की मला मुनीमजी आठवतात. रोजचा हिशोब असता तर त्यांचा खरेपणा त्यांना वहीवर बोट ठेवून दाखवता आला असता.

आता उपाय. पैसे घेणाऱ्याने वही लिहू नये, वही लिहिणाऱ्याकडे गोदामाची किल्ली नसावी, हा मूळ नियम. यावर तुम्ही म्हणाल, "आमच्या दुकानात माणसे दोनच, मी आणि माझा पुतण्या." बरोबर आहे. मग मालकाने स्वतः थोडे कष्ट घ्यावेत. रात्री आधी गल्ला मोजा, आकडा कागदावर टिपा आणि मगच रोजमेळ उघडा. वही आधी पाहिली तर डोळे तोच आकडा मोजू लागतात! आठवड्यातून एकदा कोणताही एकच जिन्नस घ्या, समजा तेलाचे डबे. आधीची शिल्लक अधिक खरेदी वजा विक्री, इतके डबे फळीवर आहेत का, एवढेच पाहा. खताच्या दुकानदारांनी तर पॉस यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा वरचेवर ताडून पाहावा. आणि वही लिहिणाऱ्याला वर्षातून आठ दिवस सुट्टी द्या, त्या दिवसांत वही दुसऱ्याने लिहावी. खोट्या नोंदी सांभाळायला रोज हजर राहावे लागते.

सर्वांत नाजूक जागा उधारीची. गिऱ्हाईक पैसे देऊन जाते आणि नावावरची रक्कम मात्र तशीच राहते. प्रत्येक जमेची पावती द्यावी आणि महिन्याअखेर गिऱ्हाइकाला त्याचे पान दाखवून सही घ्यावी. सह्या करून ठेवलेले कोरे चेक कोणाकडेही ठेवू नयेत, सख्ख्या भावाकडेही नाही.

हे दुखणे काही आपल्याच मुलखाचे नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक गुत्तेवाला होता. नोकर परस्पर पैसे खिशात घालत. वैतागून तो जहाजाने युरोपला निघाला. जहाजावर त्याने पंख्याचे फेरे मोजणारे एक यंत्र पाहिले आणि त्याच्या मनात आले, फेरे मोजता येतात तर विक्री का मोजता येऊ नये? १८७९ साली त्याने भावाच्या साह्याने विक्रीचा आकडा दाखविणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. पुढे अशा यंत्रांना पैशाचा खण आला, घंटी आली. आपल्या चहाच्या टपरीवर "इतके रुपये प्राप्त झाले" म्हणून बोलणारी जी डबी असते, ती त्या घंटीचीच नात म्हणावयाची.

इथे परक्या ठकांचा विषय आला. २०१६ पासून मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत आली आणि खेडोपाडी पसरली. सोय मोठी आहे. पण गिऱ्हाईक स्वतःच्या मोबाईलवरची हिरवी खूण दाखवते, ती बनावट असू शकते. पैसे आले की नाही ते आपल्या खात्यात पाहावे, गर्दी असली तरी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. भिंतीवरच्या आपल्या चौकटीवर कोणी रात्रीतून दुसरी चिकटवून जातो, म्हणून दुकान उघडताच घरच्या दुसऱ्या मोबाईलवरून एक रुपया पाठवून नाव आपलेच येते का ते बघावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावातले दुकानदार आणि बचत गटाच्या बाया हिशोब घेऊन तुमच्याकडेच येतात. सातवी-आठवीच्या मुलांना नफा-तोट्याच्या उदाहरणांबरोबर आठवडाभराचा खरा रोजमेळ लिहायला लावा. घरच्या दुकानाची वही वाचता येणारे पोर घरात असले, की पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ राहतात.

आणि मोबाईलवरून पैसे गेलेच, तर लोक हसतील म्हणून गप्प बसू नका. १९३० हा सरकारी क्रमांक याच कामासाठी आहे. तो लगेच, शक्य तर तासाभरात लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्या.