परदेशातली जुनी गाडी घरी आणताना

टायर कापून पाहिला, तर रबराच्या आत घट्ट विणलेल्या धाग्याचा थर दिसतो. गाडीचा भार आणि आतल्या हवेचा दाब हाच थर पेलतो. कल्याणजवळच्या मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआरसीचा कारखाना होता. रेयॉनच्या सुताबरोबर टायरमधला हा धागाही तिथे बनायचा. त्याच तालुक्यात, कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटार कारखाना होता. आज दोन्ही ठिकाणची यंत्रं थांबलेली आहेत. एनआरसीला २००९ साली टाळं लागलं, तर प्रीमियरच्या कल्याण कारखान्यातली पेजो गाडी त्याआधीच, नव्वदचं दशक संपता संपता, बंद पडली होती.

परदेशी मोटारींना अडवणारी करांची भिंत देशाने उभारली, ती अशाच कारखान्यांसाठी. ती किती उंच आहे, हे परदेशात नोकरी करून परतणाऱ्या माणसाला नेमकं कळतं. सामान बांधताना त्याच्या मनात एक साधा प्रश्न असतो: आपली तिथली गाडी सोबत नेता येईल का?

भिंत कशी उभी राहिली

मुंबईला परदेशी मोटारींचं अप्रूप नव्हतं. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि पेट्यांतून आलेले सुटे भाग तिथे जोडले जाऊ लागले. फोर्डही मुंबईत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथेच घडली पाहिजे. १९५३ साली हे धोरण पक्कं झालं आणि दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर मात्र कुर्ल्यात पाय रोवून उभी राहिली.

या धोरणाने हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे विसरून चालणार नाही. कुर्ल्यात मोटारी घडल्या, पुण्या-चिंचवडपर्यंत सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले आणि यंत्रावर हात बसलेल्या कामगारांची एक पिढी तयार झाली. पण स्पर्धाच नसल्यामुळे जुनी मॉडेलं वर्षानुवर्षं तशीच निघत राहिली. साठीच्या दशकातल्या इटालियन फियाटची पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत ती बनत होती. तिची शेवटची टॅक्सी २००३ साली ताडदेवला नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. कल्याणला आलेली पेजो ३०९ सुद्धा युरोपात १९८५ पासून विकली जात होती. तिथला तिचा काळ सरला आणि मग ती आपल्याकडे नवी म्हणून आली. परदेशातली जुनी गाडी भिंतीबाहेर राहिली खरी, पण परदेशातलं जुनं मॉडेल आत आलं आणि नव्याच्या भावाने विकलं गेलं.

दार किलकिलं

जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार भारताने एप्रिल २००१ मध्ये आयातीवरची संख्येची बंधनं उठवली. तेव्हा वापरलेल्या मोटारीलाही वाट मिळाली, पण अटींसकट. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं. वेग किलोमीटरमध्ये दिसला पाहिजे. गाडी अजून किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला हवा. बोटीवर चढण्याआधी तिकडे तपासणी, उतरल्यावर इथे पुन्हा चाचणी. वापरलेली गाडी उतरवायची ती फक्त मुंबईच्या कस्टम्समध्ये. चाचणीच्या ठरलेल्या संस्थांपैकी दोन आपल्याच राज्यात आहेत: पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

एक अट वाचताना किरकोळ वाटते: दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावला की तिचा अर्थ समजतो. उजेडाची वरची कड समोर आडवी जाते आणि डाव्या बाजूला जरा वर चढते. त्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसतो आणि उजवीकडून समोर येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. दुबईच्या गाडीत ही कड उजवीकडे चढलेली असते. ती गाडी आपल्या दुपदरी रस्त्यावर आली, तर समोरच्या दुचाकीस्वाराच्या थेट डोळ्यांवर झोत मारील. स्टिअरिंगच्या अटीमुळे आखाती देश आणि अमेरिका यादीतून बाद होतात. उरतात ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया असे देश.

हिशेब

कायमचं परतणाऱ्याला घरगुती सामानावर कस्टम्समध्ये सवलत मिळते. मोटारीला ती नाही, कारण १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने मोटारीला प्रवाशाच्या सामानातूनच वगळलं आहे.

किंमत ठरते ती आपण दिलेल्या पैशांवर नव्हे. कंपनीची मूळ किंमत धरून कस्टम्स घसारा वजा करतं: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. समजा, २० लाखांची मोठी गाडी दोन वर्षं वापरली. घसारा २८ टक्के, म्हणजे उरले १४ लाख ४० हजार. बोटभाडं आणि विमा दीड लाख धरला, तर १५ लाख ९० हजार. त्यावर मूळ शुल्क ७० टक्के आणि कृषी अधिभार साडेसदुसष्ट टक्के, असे मिळून एकशे साडेसदतीस टक्के, म्हणजे सुमारे २१ लाख ८६ हजार. या सगळ्या बेरजेवर ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १५ लाख १० हजार. गाडी बंदराबाहेर पडेपर्यंत ५२ लाख ८७ हजार झाले. चाचणीचा खर्च, कल्याण आरटीओचा कर आणि एमएच-०५ ची पाटी अजून बाकीच आहे.

एवढ्या चढ्या करामुळे चोरवाटाही निघतात. २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने परदेशी राजदूतांच्या नावावर करमाफीत आलिशान गाड्या आणणारी टोळी पकडली. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे चोरून आणलेल्या गाड्यांवर केरळात कस्टम्सने छापे घातले. तिथे भूतानहून आलेल्या गाड्या खोट्या कागदांवर इकडच्या राज्यांत नोंदवलेल्या सापडल्या.

काय राखावं, काय बदलावं

दार सताड उघडावं, असं मी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली हिशेब मांडला: २०१५ ते २०१८ या काळात जगभर १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्यांची निर्यात झाली. त्यांतल्या सुमारे ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या आणि सर्वांत जास्त आफ्रिकेत. श्रीमंत देशांचा धूर असा इतरांच्या गळ्यात पडतो. कल्याण-शीळ रस्त्यावरची हवा आणि गर्दी पाहता तीन वर्षांची मर्यादा, दिव्यांची अट आणि चाचणी यांत तसूभरही ढिलाई नको.

पण व्यापारासाठी शंभर गाड्या मागवणारा आणि स्वतःच्या नावावरची एकच गाडी घेऊन परतणारा, यांना एकाच मापाने मोजणं अन्याय आहे. परतणाऱ्याच्या एका गाडीने कुठल्याही कारखान्याचं काम हिरावलं जात नाही. गाडी किमान वर्षभर त्याच्याच नावावर असावी, इथे आणल्यावर पाच वर्षं विकता येऊ नये, सगळ्या चाचण्या व्हाव्यात आणि सीमाशुल्क निम्म्यावर यावं. हौशी संग्राहकांसाठी सरकारने २०२५ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची आयात मोकळी केलीच आहे. म्हणजे तीन वर्षांच्या आतली किंवा पन्नाशी ओलांडलेली गाडी येऊ शकते. संग्राहकाच्या हौसेला जो न्याय मिळाला, तो परतणाऱ्या नोकरदार कुटुंबालाही मिळावा.

तोवर माझा सल्ला सरळ आहे: गाडी तिकडेच विका आणि पैसा इकडे आणा. काही महिन्यांसाठीच येणार असाल, तर तिथल्या ऑटोमोबाइल क्लबकडून कार्ने घ्या. त्यावर गाडी शुल्काविना तात्पुरती आणता येते, पण ठरलेल्या मुदतीत ती परत न्यावीच लागते.

मोहन्याचा धागा आणि कल्याणची मोटार या भिंतीआडही टिकली नाहीत. नवं तंत्र, नवी मॉडेलं आणि कामगारांची वेळेवर मिळणारी देणी यांच्याशिवाय नुसत्या कराने कारखाना जगत नाही. सीमाशुल्काची पुढची फेररचना होईल, तेव्हा हा धडा समोर ठेवूनच ती व्हायला हवी.