मत्स्यालयातील हिरवाई : आधी पाणी ओळखा

हौसेने आणलेली पाणवनस्पती आठ-दहा दिवसांत पिवळी पडली, की दोष खताला किंवा प्रकाशाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण पाण्यात असते.

ग्वाल्हेरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दौलतराव शिंदे यांच्या १८१० मधील छावणीतून तेथील लष्कर हा भाग वसला आणि मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. याच भागातील दाल बाजारासारख्या दाट वस्तीत घरात ऊन कमी येते, कूपनलिकेचे पाणी जड असते आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतात. अशा ठिकाणी नाजूक कॅबोम्बा टिकणे अवघड. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला मात्र तग धरतात. कारण जड पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही त्यांना कार्बन घेता येतो.

गोव्यात स्थिती बहुतांशी उलट आहे. जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी मृदू व किंचित आम्लधर्मी असते. ते क्रिप्टोकोरिन आणि रोटाला यांना मानवते. या दोन्हींच्या काही जाती पश्चिम घाटात निसर्गतः वाढतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारटपणा उतरत असल्यास ते पाणी टाळावे. साबणाला सहज फेस आला तर पाणी मृदू, न आल्यास जड, ही घरगुती पारख पुरेशी आहे.

क्रिप्टोकोरिनची पाने जागा बदलताच गळतात. मूळ शाबूत असेल तर नवी पालवी फुटते, म्हणून रोप घाईने उपटू नये. जावा फर्न व अ‍ॅन्युबियस यांचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते. ते दगडाला बांधावे. दिवा रोज सात-आठ तासच ठेवावा, अन्यथा शेवाळ माजते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

छाटलेले तुकडे मात्र ओहोळात किंवा तळ्यात टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी आणि साल्विनिया यांनी देशातील कित्येक जलाशय झाकून टाकले आहेत. कॅबोम्बाचा लहानसा तुकडाही नव्याने रुजतो. छाटणी उन्हात पूर्ण वाळवून खतात मिसळावी. घरातील काचेच्या पेटीची हौस गावच्या तळ्याला महाग पडू नये.